आवाज थोरल्याचाच होता

करवंदीच्या जाळ्या अजून दाट होत्या तेव्हाची गोष्ट. अशाच एका जाळीत सात सातभाई पक्षी राहत. सहा जण खाली पाचोळा उलटून किडे वेचत आणि थोरला हिवराच्या शेंड्यावर बसून राखण करी. तो ओरडला की चोचीतलं टाकून सगळे जाळीत शिरत.

एके दिवशी थोरल्याच्या आवाजात हाक आली, "शिकरा आला, पळा." सगळे पळाले. शिकरा काही दिसला नाही, पण टाकलेले किडे नाहीसे झाले. असं तीनदा झालं. घरट्यातली पिल्लं उपाशी राहू लागली.

थोरल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी ओरडलोच नाही."

पुढच्या दिवशी मधल्याला गुबगुबीत अळी सापडली. लगेच हाक आली, "पळा, आत्ताच्या आत्ता."

मधला घाबरला, पण आधी त्यानं मान वर केली. थोरला शेंड्यावर निवांत पंख साफ करत होता. हाक शेजारच्या बाभळीवरून येत होती. तिथं दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल बसला होता.

मधला अळी घेऊन पिल्लांकडे निघाला.

कोतवालानं विचारलं, "माझ्या आवाजात काही चुकलं का?"

"आवाज हुबेहूब होता," मधला म्हणाला. "फांदी चुकली."