लाखीचं पिल्लू

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्य कोणाचं होतं ते मला विचारू नका. मेंढरांना राजा ठाऊक नसतो, त्यांना फक्त राखणारं कुत्रं ठाऊक असतं.

एका माळावर मेंढपाळांचा तळ पडला होता. तळाचा म्होरक्या होता मालू आणि कळपाची राखण करत होती लाखी, तांबूस रंगाची कुत्री. मेंढरांभोवती जाळ्याचं कुंपण असतं, त्याला वाघूर म्हणतात. त्या वाघुरीला लाखी रात्रभर फेऱ्या घालायची. ती होती म्हणून माणसं झोपायची.

एकदा लाखीचं पोट सुटलं. सड भरले, दाबले की दूध येऊ लागलं. करवंदीच्या जाळीखाली तिने पंजाने खड्डा उकरला आणि आत जाऊन बसली. तळावर आनंदीआनंद झाला. त्या लोकांची रीत अशी, की कळपाची कुत्री गाभण राहिली तर तिला घराघरातून बाळंतिणीचा घास जायचा. बाजरीची खीर, गूळ, वर तूप. बायका खीर घालायच्या आणि जाताजाता दूध आलं का म्हणून सड दाबून बघायच्या. एक गेली की दुसरी.

लाखी खायची, कण्हायची, खड्ड्यात कोणी हात घालायला गेलं की दात दाखवायची. कळपाकडे फिरकेना.

याच दिवसांत मालूची एक वहाण हरवली. तो एका पायात वहाण घालून काट्यांतून लंगडत फिरायचा.

"म्होरक्या, दुसरा पाय गहाण टाकलास काय रं?" लोक विचारायचे.

दिवस गेले. पोट उतरलं, दूध तसंच, पण पिल्लू एकही दिसेना. मग तळावरचा जुना माणूस येसूतात्या काठी आपटत उठला.

"पिल्लं झाली आणि हिने खाल्ली. दुसरं काय? आज स्वतःची खाल्ली, उद्या कोकरं खाईल."

पिल्लं खाणारी कुत्री कळपात ठेवायची नाही, नदीपलीकडे लांडग्यांच्या रानात सोडून यायची, असा त्यांचा जुना नेम होता. तिकडे गेलेलं कुत्रं परत आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मालूला ते नको होतं, पण म्होरक्याच नेम मोडायला लागला तर तळ कसा चालायचा? त्याने लाखीच्या गळ्यात दोर घातला.

नेमकी त्याच सकाळी त्याची थोरली बहीण ठकू परतली. शेळ्या घेऊन ती पलीकडच्या डोंगरावर गेली होती, मागे काय चाललंय ते तिला माहीत नव्हतं. दोर बघितला आणि ती आडवी उभी राहिली.

"कुठं चालवलीस तिला?"

"अक्का, हिने पिल्लं खाल्ली."

"कोणी बघितली?"

येसूतात्या म्हणाला, "बघायला कशाला पाहिजे? दूध आहे ना अंगावर?"

"तात्या, तुमचे केस उन्हाने पिकले वाटतं," ठकू कडाडली. "ही माजावर आली तेव्हा कोकरांचे दिवस होते, गाभण राहून चालणार नव्हतं. मी स्वतः हिला बांधून ठेवली होती, एक कुत्रा जवळ येऊ दिला नाही. कुत्रा लागला नाही तर पिल्लं आली कुठून? आभाळातून?"

"मग हे पोट? हे दूध?"

"माज उतरल्यावर दोनेक महिन्यांनी कुत्रीचं अंग असं फसवतं. कुत्रा लागो न लागो. पोट खोटं, कळा खोट्या. दूध मात्र खरं. तिला वाटतं आपण आई झालो. माझंही पोट एकदा असंच वाढलं होतं. उतरलं तेव्हा सासरचे म्हणाले, हिने लेकरू गिळलं. मी गप्प बसले. आज बसणार नाही."

ठकू खड्ड्यापाशी गेली. लाखी गुरगुरली, पण हात ओळखीचा होता. ठकूने आत हात घातला आणि बाहेर काढली मालूची वहाण! चाटून चाटून नव्यासारखी चमकत होती.

"हे बघा हिचं पिल्लू! तात्या, कातडं मिळालं तर कुठलं कुत्रं सोडतं? वादीसुद्धा उरत नाही. हिने एक दात लावलाय का बघा. वहाणेला दात लावत नाही ती, आणि म्हणे पिल्लं खाल्ली!"

येसूतात्याने वहाण उलटसुलट करून पाहिली. एक ओरखडा नव्हता. त्याने खाली वाकून लाखीच्या गळ्यातला दोर स्वतःच्या हाताने सोडला.

"आता करायचं काय, ते तू सांग ठकू," तो म्हणाला.

"आधी तुमची खीर बंद. गूळतुपाने दूध वाढतं. साधी भाकर द्या, तीही थोडी कमी. पाणी मात्र तोडायचं नाही. सडांना कोणी हात लावायचा नाही. पिळलं की अंगाला वाटतं, कोणीतरी पितंय. आणि तिला कळपाबरोबर लांब फिरवा."

दुसऱ्या दिवशी लाखी कळपाबरोबर रानात गेली, तेव्हा ठकूने मागे तिच्यापाशी परत ठेवलेली वहाण उचलली आणि खड्डा बुजवला. संध्याकाळी लाखीने जाळी हुंगली, रडली. कोणी तिला ओरडलं नाही. ठकू रोज उलट्या हाताने सड बघायची. ते गरम, कडक झाले किंवा लाखीने अन्न सोडलं तर तिला जनावरांच्या वैद्याकडे न्यायचं, हे तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. पण तशी वेळ आली नाही. हळूहळू दूध आटलं. एके दिवशी लाखी करवंदीच्या जाळीजवळून गेली आणि तिने तिकडे बघितलंही नाही. शेपूट वर करून ती वाघुरीच्या फेरीला लागली.

पुढच्या साली लाखी खरीच गाभण राहिली. गुबगुबीत पिल्लं झाली. पहिली खीर येसूतात्या घेऊन आला, आणि पिल्लं खाणाऱ्या कुत्रीचा नेम त्यानंतर कोणाच्या तोंडून निघाला नाही. मालूने ती वहाण फाटेपर्यंत वापरली. कोणी विचारलं, एकच इतकी का चमकते, तर तो सांगायचा, "हे आमच्या लाखीचं थोरलं पिल्लू."

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, हे ध्यानात ठेवा: जे कोणी पाहिलं नाही त्याचा दोष मुक्या जिवावर लादू नये, आधी त्याचं अंग काय सांगतंय ते समजून घ्यावं.