चर्चमधली विहीर

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आत्याने मला बजावलं होतं. "ऐकणाऱ्याला रात्री झोप लागत नाही," ती म्हणाली होती. मलाही लागली नाही. तोंडाने सांगायला मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

खूप जुन्या काळी, फ्रान्स देशात एका टेकडीवर एक खेडं होतं. खेड्याच्या मधोमध दगडी चर्च होतं. त्याच्या भिंती बैलगाडी आडवी मावेल इतक्या जाड होत्या आणि खिडक्या फटींसारख्या अरुंद. दाराला आतून लोखंडी अडसर होता. आणि आत, एका खांबाच्या आडोशाला, चक्क एक विहीर होती.

तिचं पाणी कुणी भरत नसे. टेकडीखालच्या झऱ्याचं पाणी जास्त गोड होतं. विहिरीत एक बेडूक मात्र राहायचा. प्रार्थना रंगात आली की तो ओरडायचा आणि मुलं फिदीफिदी हसायची.

"पाहुणे येतात आणि बेडकाची प्रार्थना ऐकून जातात," गावचा मुखिया वैतागून म्हणाला. "बुजवून टाका ती विहीर. वर पांढरी फरशी घालू."

त्याची सून पेरिन बाळाला कडेवर घेऊन उभी होती. तिने हळूच विचारलं, "मामंजी, पण देवाच्या घरात विहीर खणली तरी कशाला असेल आपल्या लोकांनी?"

"म्हाताऱ्यांना टेकडी उतरायचा कंटाळा असेल, सूनबाई!"

सगळे हसले. पाद्रीबाबांनाही कारण माहीत नव्हतं, तेही हसले. पेरिनने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

मग घराघरांतून टोपल्या आल्या. फुटकी मडकी, चुलीतली राख, सडका पाला, एक मेलेली कोंबडीसुद्धा. विहीर भरली. वर फरशी बसली. ती इतकी गुळगुळीत होती की खिडकीतला उजेड तिच्यावर पाण्यासारखा हलायचा. गावकरी ज्या बाजारात जात, तिथे तिचं कौतुक सांगत.

सुगी संपली आणि लुटारू आले. टेकडीखाली घोड्यांची धूळ दिसताच घंटा वाजली. सारा गाव धान्याची पोती आणि शेळ्या घेऊन चर्चमध्ये शिरला. अडसर पडला.

"येऊ देत!" मुखिया म्हणाला. "या भिंती फोडणारा अजून जन्माला यायचाय."

पण लुटारूंनी भिंतीला हातही लावला नाही. त्यांनी झाडाखाली घोडे बांधले आणि ते निवांत बसून राहिले.

"हे लढत का नाहीत?" कुणीतरी विचारलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालं. घागरी रिकाम्या झाल्या होत्या. शेळ्या फरशी चाटत होत्या. पेरिनचं बाळ सकाळपासून रडत होतं. मग ते रडायचं थांबलं, आणि त्या शांततेने सगळे दचकले.

विहीर कशासाठी होती, ते सगळ्यांना एकदमच कळलं. मुखियाने पहार उचलली आणि फरशी फोडली. लोक हातांनी उपसू लागले.

"ही राख तुमच्याच घरची!"

"आणि ही कोंबडी कुणाची, वहिनी? वास तरी घ्या!"

"भांडू नका, उपसा!"

शेवटी ओल लागली. मुखियाने चिखल फडक्यात घेऊन पिळला. काळे थेंब पडले. त्यांच्या वासानेच पेरिनने बाळाला मागे ओढलं.

"मामंजी, दार उघडा," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज साऱ्या चर्चने ऐकला.

दार उघडलं. धान्य गेलं, जनावरं गेली, मनोऱ्यातली घंटाही गेली. बदल्यात पाणी मिळालं. बाळ घोट घोट प्यायलं आणि पुन्हा रडू लागलं. ते रडणं ऐकून आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

लुटारू निघाले तेव्हा मुखियाने त्यांच्या म्होरक्याला विचारलं, "आत पाणी नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

म्होरक्याला नवल वाटलं. "तुम्हीच की! माझा आजा या गावाच्या वाटेला जात नसे. आत विहीर आहे, वेढा घालून उपयोग नाही, म्हणायचा. यंदा बाजारात तुमच्याच माणसांनी सांगितलं, बुजवली म्हणून. खुशीने वाइनही पाजली आम्हाला." त्याने दारातून आत डोकावलं. "फरशी फार सुंदर आहे म्हणत होते. कुठे दिसत नाही ती?"

तो हिवाळा गावाने अर्धपोटी काढला. विहीर साफ करायला सगळ्यांत आधी मुखियाच खाली उतरला.

पूर्वजांनी एखादी गोष्ट का केली हे कळल्याशिवाय ती मोडू नये.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. त्या बाळाला मोठेपणी हे सगळं कुणी सांगितलं असेल, आणि तेव्हा त्या आजोबांना त्याच्याकडे बघवलं असेल का, की— थांबा, आई हाक मारतेय. आले, आई!