उजव्या गालाचं टोकन

लढाईच्या दिवसांत बाजारातून सुटी नाणी अशी गडप झाली, की आणा दिसला तरी लोक हात लावून बघत. कऱ्हाडच्या एका मोटार कंपनीचे मालक रावसाहेब घारपुरे यांनी त्यावर तोड काढली. उतारूंना सुट्या पैशांऐवजी ते पुठ्ठ्याची टोकनं देत. त्यांवर छापलेलं असे, 'पैसे लढाई संपल्यावर मिळतील.'

वाणी ती घेईना. गेनू न्हावी मात्र कुणाला नाही म्हणत नसे, त्यामुळे गावभरची टोकनं त्याच्या डब्यात साठली. डबा घेऊन तो कचेरीत गेला, तेव्हा रावसाहेब म्हणाले, "छापलंय ते वाच. कंपनी शब्दाला पक्की आहे."

पुढच्या सोमवारी रावसाहेबांकडे कलेक्टरसाहेब चहाला यायचे होते. गेनूनं सकाळी रावसाहेबांचा डावा गाल गुळगुळीत केला, वस्तरा पुसला आणि धोकटी बांधली. मग पुठ्ठ्याचा एक तुकडा त्यांच्या हातात ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'उजवा गाल लढाई संपल्यावर.'

"अरे, तोवर मी असाच बसू?" रावसाहेब फेसासकट ओरडले.

"माझं पोट महिनाभर तसंच बसलंय, रावसाहेब. तुमच्या गालाला निदान भूक तरी लागत नाही."

लांबून कलेक्टरांच्या मोटारीचा भोंगा ऐकू आला. रावसाहेबांनी कमरेची किल्ली काढली. पलंगाखालच्या ट्रंकेत गावाची सगळी चिल्लर निघाली.

दुपारपर्यंत कचेरीसमोर टोकनवाल्यांची रांग लागली. लढाई पुढं दोन वर्षं चालली. कंपनीपुरती ती त्या सकाळीच संपली.