भावाच्या नावावर अडलेलं जहाज

लांबच्या थंड समुद्रात आयर्लंड नावाचं बेट आहे, बरं का. तिथल्या डब्लिन बंदरात एक व्हायकिंग राजा होता, आस्ग्रीम. एका सकाळी तो धक्क्यावर बसून खारवलेले मासे चाखत होता. तेवढ्यात समुद्रापलीकडच्या यॉर्कहून निरोप आला. तिथला राजा, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ तोर्वाल्ड, तापाने गेला होता. पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत पोचला तर गादी आस्ग्रीमची, नाहीतर दुसऱ्याची.

बापाने वाटणीत थोरल्याला चिखलाचं डब्लिन दिलं होतं आणि धाकट्याला भरलेलं यॉर्क. तेव्हापासून आस्ग्रीमच्या पोटात निखारा होता. भाऊ गेला तरी तो विझेना.

त्यांच्यात रीत अशी की राजा गादी घ्यायला निघाला की त्याने जहाजावर उभं राहून वंशावळ म्हणायची. एका नावाला वल्ह्याचा एक फटका. आधी मूळपुरुष, मग त्याचा मुलगा, मग नातू, आणि शेवटी ज्याची गादी घ्यायची तो.

"मेलेल्याचा कसला रे हेवा?" म्हातारी दाई ग्रोआ म्हणाली.

"मेला तरी वंशावळीत माझ्या आधीच ना, दाई? पुढची पोरं आधी त्याचंच नाव घेणार."

मग दाईलाही घेऊन जहाज निघालं. आस्ग्रीम एकेक नाव म्हणत गेला. भावाचं नाव आलं, ते त्याने गाळलं आणि आपलंच घेतलं. जहाज जागीच थांबलं. शीड फुगलेलं, वल्ही चाललेली, पण जहाज हलेना.

"रुतलं की काय?" एक वल्हेकरी म्हणाला.

"भर समुद्रात? तुझ्या सासुरवाडीची चिखलाची वाट आहे का ही?" दुसरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आस्ग्रीमने भावाचं नाव ओठांतल्या ओठांत पुटपुटलं. जहाज वीतभर सरकलं आणि परत थांबलं.

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. आस्ग्रीम तोंडच उघडेना.

"घे रे," दाई म्हणाली. "तुझं बोट धरून चालायला शिकलाय तो."

आस्ग्रीम जहाजाच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. मग मोठ्याने म्हणाला, "यॉर्कचा राजा तोर्वाल्ड. माझा भाऊ."

मग काय, जहाज असं सुटलं की दिवस मावळायच्या आत नदीतून थेट यॉर्कला लागलं.

आस्ग्रीम गादीवर बसला. दोन्ही गावं सुखाने नांदली, तुम्हीही आता डोळे मिटा. भाऊ गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात त्यांच्यात. तो मात्र आस्ग्रीमने कधी उभा केला नाही; तेवढा निखारा पोटात राहिलाच.