दुपारची तोडणी

“आणखी किती पॅनल बसवू, तात्या? तेवढंच सांगा.”

वायनरीच्या अंगणात लोखंडी खांबांवर साठ सोलर पॅनल उभे होते, त्यांच्याकडे दगूतात्या बघत राहिले...

विचारणारा वायनरीचा मालक, निखिलेश गायखे. वेल छाटायला त्याला तात्यांनीच शिकवलं. वाइन करायला मात्र तो परदेशात शिकला, आणि येताना चांगली गाठोडंभर घमेंड घेऊन आला. आता ती पार उतरली होती. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बघवत नव्हतं.

गेल्या वर्षी रस आंबतानाच टाकी तापली आणि सगळी वाइन नासली. यंदाही पहिलीच टाकी तापायला लागली होती. हीसुद्धा गेली तर वडिलांनी लावलेली बाग तोडून टाकायची, असं तो घरी सांगून बसला होता.

टाकी गार करायचं यंत्र मागे घरघरत होतं. पॅनलची सगळी वीज तेच खात होतं, तरी टाकी काही निवेना.

“तोडणी कधी करतोस?” तात्यांनी विचारलं.

भर दुपारी, तो म्हणाला. तेव्हा ऊन कडक असतं, पॅनल जोरात चालतात, गार करायला भरपूर वीज मिळते, म्हणून माल तेव्हाच आत घ्यायचा. शिकलेल्या माणसाचं गणित ते, चुकेल कसं!

तात्यांनी नुकत्याच आलेल्या क्रेटमधून एक घड उचलला. निखिलेशच्या गालाला लावला... आणि तसाच धरून ठेवला.

घड गरम होता, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखा.



मग निखिलेश होता तिथंच खाली बसला. तात्याही शेजारी टेकले. उन्हानं तापलेली द्राक्षं आपणच टाकीत भरतो, आणि ते ऊन बाहेर काढायला दिवसभर उन्हाचीच वीज जाळतो. दोन वर्षं हेच चाललंय. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त थकवा आला. पहाटेच्या गारव्यात तोडली असती, तर...

“मग हे एवढे पॅनल कशाला बसवले मी, तात्या?”

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले. तेही दमलेच होते. दोन पावलं गेले, थांबले...

“सावली छान पडते रे त्यांची. पहाटे तोडलेला माल तिथं ठेव.”