पहिलं गिऱ्हाईक

"…पण नाव न सांगता विकता येईल ना, माय?"

केतकीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दर वेळी आवाज थोडा आणखी खाली गेला होता.

ठकूमाय पंचांगांवरची धूळ झटकत होती. तिनं वर पाहिलं नाही.

सटवाईच्या टेकडीवर, देवळाच्या ओवरीत, एका विटक्या सतरंजीवर मायचं दुकान होतं. आरत्यांची पुस्तकं, व्रतकथा, पंचांगं. आणि उजव्या कोपऱ्यात, विटेला टेकवून उभं केलेलं एकच वेगळं पुस्तक.

पंचक्रोशीत ज्यानं कुणी पदरमोड करून पुस्तक छापलं, तो आधी शहरातल्या दुकानांचे उंबरे झिजवायचा आणि शेवटी ही टेकडी चढायचा. निवृत्त गुरुजी येऊन गेले, तलाठी येऊन गेले. एक कवी तर सत्कारातली शाल पांघरूनच आला होता. माय कमिशन घेत नसे. पुस्तक वाचायची, पटलं तर विटेपाशी ठेवायची. तिथं ठेवलेलं पुस्तक खपतं, असं लोक म्हणत. कसं खपतं, ते मात्र कुणाला सांगता येत नसे.

केतकीनं एक प्रत दहा दिवसांपूर्वी मैत्रिणीच्या हातानं पाठवली होती. आज ती स्वतः आली होती. म्हणजे आणली गेली होती. लग्नाला चार महिने होत आले आणि सटवाईची ओटी राहिली होती. इथली ओटी सुनेसाठी सासूनंच भरायची, म्हणून सासरे आणि नवरा खाली चिंचेखाली चहा पीत बसले होते. सासू रांगेत उभी होती. केतकी तिला आत्याबाई म्हणायची. "पाय दुखत असतील तर बस जा ओवरीत," असं आत्याबाईच म्हणाल्या होत्या.

पाय दुखत नव्हते. पिशवीत, एका जादा हिरव्या खणाखाली, पाच प्रती होत्या.

"किती छापल्यास?" मायनं विचारलं.

"दोनशे. जास्त परवडत नव्हत्या."

"हायेत कुठं?"

"माहेरी. पलंगाखाली."

"पलंगाखाली कोण गिऱ्हाईक यायलंय? मांजर?"

केतकीला हसू आलं नाही. मायनं आपल्याला अगदीच कच्ची समजू नये, असं तिला वाटलं. तिनं मोबाइल काढला. त्यात यादी होती. लग्नाआधी तिनं पुस्तकविक्रीची ऑनलाइन कार्यशाळा केली होती, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी टिपणं काढत.

"चेहरा न दाखवता व्हिडिओ करता येतो, माय. नुसते हात, पुस्तक आणि मागं संगीत. बचत गटांचे सत्तावीस ग्रुप आहेत, सगळीकडे एकदम टाकायचं. कॉलेजांच्या ग्रंथालयांना एकेक प्रत भेट. आणि प्रत्येक पुस्तकात एक खूणपट्टी. त्याही मी घरीच कापल्या, जुन्या लग्नपत्रिकांच्या."

"कुणाच्या लग्नाच्या?"

"…माझ्याच. उरल्या होत्या."

"त्याच्यावर तुझं नाव असंल की."

"नावं कापून टाकली. गणपती तेवढा ठेवला."

"हुशार हाईस," माय म्हणाली.

केतकी ताठ बसली.

"कोण घेईल हे पुस्तक?"

"बायका. अठरा ते साठ वयोगट."

"एकीचं नाव सांग."

"एकीचं असं नाही, सगळ्याच…"

"सगळ्या न्हाई. एक. जिच्या हातात हे पडलं तर तुझ्या गळ्यात घास अडकंल, अशी."

केतकीची नजर रांगेकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. मायनं ती जाताना पाहिली, येतानाही पाहिली.

मग तिनं सतरंजीखालून केतकीनं पाठवलेली प्रत काढली. मुखपृष्ठावरचं नाव वाचलं.

"निशिगंधा." तिनं नाव चघळून बघितलं. "देवळाबाहेर हार इकणारीला शोभंल."

"टोपणनाव आहे. सटवाई तरी कुठं नाव घालते? कपाळावर लिहिते आणि निघून जाते."

"तिला कुठं खपवायचं असतंय!"

मायनं शेवटचं पान उघडलं. तळाशी पांढऱ्या कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती.

"हे काय?"

"ती… छापखान्याची चूक आहे."

चूक छापखान्याची नव्हती. प्रकाशक म्हणून खरं नाव-पत्ता द्यावा लागतो, असं मालकांनी सांगितलं होतं आणि फॉर्म पुढं केला होता. लग्नाला तेव्हा वीस दिवस झाले होते. केतकीनं नव्या नवलाईनं, वळणदार अक्षरात, नवं नाव, नवं आडनाव आणि सासरचा अख्खा पत्ता भरला. तो तसाच छापून आला. मग माहेरपणाच्या आठ दिवसांत तीन दुपारी बसून तिनं कणकेच्या खळीनं दोनशे पट्ट्या चिकटवल्या. आईला सांगितलं, शाळेचा प्रकल्प आहे. कुणाच्या शाळेचा, ते आईनं विचारलं नाही.

मायनं अंगठा जिभेला लावला आणि पट्टीवरून फिरवला.

"माय, नको…"

कणकेची खळ ओली झाली की सुटते. पट्टी अलगद निघून मायच्या अंगठ्याला चिकटली.

"बाजारात बिनधन्याची शेळी आली तर लोक काय म्हणत्यात?"

"काय?"

"चोरीची हाय."

केतकीची कानशिलं तापली. "मी काही चोरलेलं नाही. सगळं माझं आहे. मीच लिहिलंय."

"दोन ताटांची गोष्ट बी?"

…

देवळात कुणीतरी घंटा वाजवली. तिचा आवाज हळूहळू विरला.

"ती बाई कल्पित आहे," केतकी म्हणाली.

"कल्पित बाई भाकरीचा पापुद्रा सोलून समोरच्या ताटात ठेवत न्हाई. ते बघावं लागतंय. दार किती उघडं होतं?"

खोटं सुचायला वेळच मिळाला नाही. "चार बोटं."

चार बोटांच्या त्या फटीतून केतकीनं पाहिलं होतं. दुपारी घर जेवून आडवं झालं की आत्याबाई कोठीच्या खोलीत जायच्या. दोन ताटं घ्यायच्या. एका ताटात स्वतः जेवायच्या आणि दुसऱ्यासमोर हळू आवाजात बोलायच्या. "आमटी तिखट झाली का गं? तुला कमी तिखट लागतं." आत्याबाईंना एक मुलगी होती. सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि सासऱ्यांनी त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंद केलं. "तो विषय नको," एवढंच नवऱ्यानं केतकीला सांगितलं होतं.

बाकीच्या नऊ गोष्टी लग्नाआधीच्या होत्या. ही दहावी तिनं सासरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात लिहिली. एका बैठकीत. हात थांबत नव्हता.

"त्यांना कळलं तर मला माहेरी नेऊन सोडतील," केतकी म्हणाली.

"म्हणून नाव लपवलंस."

"हो."

"तुझं नाव लपवून तिचं काय लपलं?"

केतकीनं मोबाइलमधल्या त्या यादीकडे पाहिलं.

सत्तावीस ग्रुप. त्यांतल्या चार ग्रुपवर गावातल्या बायका. कोठीची खोली, तिच्या खिडकीतला तुटका गज, पदराचं हळदीनं पिवळं झालेलं टोक. यातलं एकही तिनं बदललं नव्हतं. तेच तर चांगलं उतरलं होतं. एखादी बाई वाचेल, हसून शेजारणीला दाखवेल, शेजारीण नवऱ्याला सांगेल. सासऱ्यांच्या कानावर जाईल. मग कोठीला कुलूप. मग दुसरं ताट…

इतके दिवस ती स्वतःसाठी भीत होती. त्या भीतीची तिला सवय झाली होती. ही नवी भीती तिच्या ओळखीची नव्हती.

"जाळून टाकते," ती म्हणाली. "सगळ्या प्रती. आजच."

मायनं उदबत्तीजवळची काडेपेटी तिच्यापुढं सरकवली.

केतकी काडेपेटीकडे पाहत राहिली. हात पुढं गेला नाही.

"बघ," माय म्हणाली. "ती गोष्ट चांगली उतरलीय. तुला म्हाईत हाय."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या त्या हारवाल्या निशिगंधेच्या."

तशा भीतीतही केतकीला ते लागलं.

"माझ्याकडं एकच रीत हाय, लेकरा. विटेपाशी ठेवायच्या आधी पहिली प्रत लिहिणाऱ्यानं आपल्या हातानं द्यायची. ज्याचं हाय त्याला. त्यानं माघारी दिली तर मी ठेवत न्हाई. त्या कवीला म्हणलं, आधी बायकोला दे. शाल सावरत उतरला, अजून वर आला न्हाई."

"पण मी… कधी देऊ?"

"ती काय, आली."

आत्याबाई रांगेतून सुटून ओवरीकडे येत होत्या. कपाळावर ताजं कुंकू, हातात प्रसादाचा नारळ. चढाच्या दमानं चेहरा लाल झाला होता.

"काय गं, पोथी घ्यायलीस का? घे, घे. पण लवकर आवर बाई, तुझे सासरे खाली तीन कप चहा पिऊन बसले असतील." त्या वाकल्या. केतकीच्या मांडीवरची पिशवी कलंडली होती आणि खणाखालून पुस्तक डोकावत होतं. "हे कुणाचं?"

माय पंचांगं मोजायला लागली. जशी काही ती बहिरी होती.

'माहीत नाही' हे शब्द तयार होते. जिभेच्या टोकावर होते. म्हटले असते तर पाच मिनिटांत सगळे गाडीत बसून घरी निघाले असते.

"माझं," केतकी म्हणाली. "मी लिहिलंय, आत्याबाई."

"तू?" आत्याबाई हसल्या. कौतुकानंच हसल्या. "अगं बाई! कधी लिहिलंस?"

"दुपारी."

"दुपारी तर तू झोपतीस."

केतकीनं मान हलवली. नाही.

आत्याबाईंचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतलं गेलं. ओठांवरचं थोडा वेळ तसंच राहिलं, कुणी न्यायला विसरल्यासारखं.

केतकीनं दोन्ही हातांनी पुस्तक पुढं केलं.

आत्याबाईंनी ते लगेच घेतलं नाही. नारळ खाली ठेवला. पदराला हात पुसले. मग घेतलं.

"कितवं पान?"

"एक्केचाळीस."

त्या पायरीवर बसल्या. कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, शाळेतल्या मुलीसारख्या वाचायला लागल्या. बोट सरकत होतं. ओळ संपली की परत मागं यायचं. एक पान उलटलं.

मग बोट एका ओळीपाशी थांबलं.

ओठही थांबले.

खालून सासऱ्यांची हाक आली. "अगं ए… झालं का न्हाई?"

आत्याबाईंनी मान वर केली नाही. बोट तिथंच होतं.

केतकी उठून त्यांच्यापाशी गेली. कुठली ओळ आहे ते दिसावं म्हणून वाकली. काही बोलावं, पाय धरावेत, पुस्तक हिसकावून घेऊन पळत सुटावं, यातलं काहीच तिला जमेना.

"माय," ती कशीबशी पुटपुटली, "आता मी काय करू?"

माय सतरंजीवरून म्हणाली,

"बाजूला सरक. तिच्या पानावर तुझी सावली पडायलीय."