पिवळ्या चोचीचा हंस

फार वर्षांपूर्वी, घाटात सडक नव्हती आणि माल खेचरांच्या पाठीवरून जायचा, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या अलीकडे लाकडी खेळणी करणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे एक बहीण आणि भाऊ राहायचे. खेळणी घडवायची आणि रंगवायची थोरली बहीण. विकायचा धाकटा भाऊ. त्याच्या विकण्यापायी तिच्या नाकी नऊ यायचे.

घाटापलीकडे दुसऱ्या राजाचा मुलूख होता. तिथे माल विकणं मोठं सोपं. खेळण्याचं चित्र काढायचं, कबुतराच्या पायाला बांधून पलीकडच्या बाजारात धाडायचं, की मागणी हजर. गिऱ्हाइकाने ना दुकान पाहिलेलं, ना दुकानदार. ते बघायचं फक्त खेळण्याच्या बुडाशी उमटवलेला घराचा ठसा. या घरचा ठसा होता आंब्याचं पान. तो पितळी ठसा बहीण आपल्या कमरेला बांधून ठेवायची, कारण भावाच्या हाती दिला तर तो कशावरही उमटवील याची तिला खात्री होती.

गावाची एक रीत होती. शेजाऱ्याचं खेळणं आपणही करावं असं वाटलं, तर पहिला नमुना आणि एक नारळ घेऊन त्याच्या दारी जायचं. त्याने नारळ फोडला की परवानगी मिळाली. पण नारळ कुणी परत केल्याचं कुणाला आठवत नव्हतं, म्हणून लोक हळूहळू आधी माल विकायला लागले आणि नारळ सवडीने न्यायला लागले.

त्या वर्षी बहिणीचा मान डोलावणारा बैल तयार झाला. तीन वर्षं ती त्याच्यामागे होती. नुसती फुंकर घातली तरी तो मान हलवायचा. पलीकडच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने चित्र बघून पन्नास बैल मागवले आणि कळवलं, "चैत्राच्या जत्रेआधी पोचले, तर दरवर्षी तुमचाच बैल ठेवीन." बहिणीला इतका आनंद झाला की ती कामात असतानाही स्वतःशी हसायची.

तेवढ्यात भावाने एका फेरीवाल्याकडून हंस आणला. दोरी ओढली की हंस पंख हलवायचा.

"अक्का, असे साठ करून दे. पलीकडे याला फार मागणी आहे."

"घडण कुणाची आहे ही?"

"माझी. मी विकत घेतलाय."

"हंस विकत घेतलास. घडण कुणी विकली तुला?"

"तू ना, फार खोलात जातेस."

"घाटातल्या नाक्यावर पोथी असते. तिकडच्या कारागिरांनी दरबारात नोंदवलेल्या सगळ्या घडणींची चित्रं असतात तिच्यात. बघायला पैसा लागत नाही. जाऊन बघून ये."

"सकाळी निघालो तर परत यायला संध्याकाळ होईल."

"मग होऊ दे ना."

तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी हंसाची चोच रंगवून आला. "लाल होती, पिवळी केली. आता हा निराळा हंस झाला."

बहिणीने कपाळावर हात मारला. "तू नाकाला हळद लावलीस, तर काय शेजाऱ्यांचा मुलगा होशील?"

"सगळेच विकतात गं. आणि पकडलंच तर फेरीवाल्याला धरतील."

"फेरीवाल्याचा ठसा असणार आहे का बुडाशी?"

तरी त्याचा हट्ट सुटला नाही. तिने नकार दिला तर त्याने साठ हंस दुसऱ्याच घरी घडवून घेतले आणि ठशासाठी तगादा लावला. जेवताना हंस, पाणी भरताना हंस. आठ दिवस बहिणीच्या डोक्यावर त्याने मिरे वाटले. खेचरं निघायच्या दिवशी ती शेवटच्या बैलाचे डोळे रंगवत होती आणि हा पुन्हा समोर उभा राहिला. "दे ना गं ठसा."

केवळ ही कटकट थांबावी म्हणून तिने कमरेचा ठसा सोडला आणि त्याच्यापुढे टाकला. "घे. काय करायचं ते कर." आपण चुकतो आहोत हे बोलतानाच तिला कळत होतं.

सहाव्या दिवशी नाक्यावरून बोलावणं आलं. दोघं पोचली तेव्हा नाकेदारापुढे पोथी उघडी होती. एका बाजूला हंस, दुसऱ्या बाजूला बैल आणि मधोमध एक नारळ.

नाकेदार म्हणाला, "शंभर पेट्यांतली एखादीच आम्ही उघडतो. तुमची उघडलीच नसती. पण पेटीला हा नारळ बांधलेला होता आणि सोबत चिठ्ठी होती. 'हंसाच्या मूळ कारागिरास सप्रेम भेट.'"

"आमच्याकडे तशी रीत आहे," भाऊ जरा ऐटीतच म्हणाला.

बहिणीला हसावं की रडावं कळेना.

"म्हणजे हंस आपला नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं," नाकेदार थकल्या आवाजात म्हणाला. "अहो, रीत आहे तर आधी विचारायचं ना."

त्याने पोथीतलं चित्र दाखवलं. तळ्याकाठच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईची घडण होती ती. पंख न अडकता हलावेत म्हणून सात वर्षं खपली होती. पंखाखालची बारीक खुंटी बघताच बहिणीला ती सात वर्षं कळली. तिला भावाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"हंस जाळावे लागतील," नाकेदार म्हणाला. "आणि ज्या घराचा ठसा त्यांच्यावर आहे, त्या घराचा माल तीन वर्षं घाट ओलांडणार नाही."

"बैलसुद्धा?"

"बैल तुमचेच आहेत. सुंदर आहेत. पण बुडाशी आंब्याचं पान आहे, बाई."

आता भावाचा चेहरा उतरला. "साहेब, अक्काचा काही दोष नाही. ठसा मी उमटवला."

नाकेदाराने बहिणीकडे बघितलं. "तुम्हाला न विचारता त्याने ठसा चोरला असेल, तर तसं लिहून द्या. बैल आत्ता सोडतो."

खिडकीतून वारा आला आणि पन्नास बैलांनी माना डोलावल्या. भाऊ खाली मान घालून उभा होता; त्याने नाही म्हटलं नसतं.

"चोरला नाही," ती म्हणाली. "वैतागून का होईना, मीच दिला."

बैल त्याच खेचरांवरून घरी परतले. व्यापाऱ्याने जत्रेसाठी दुसऱ्याच कुणाची खेळणी घेतली. घाट उतरताना भावाने दोनदा 'अक्का' म्हणून हाक मारली, पण ती खेचरांमागे चालत राहिली.

तात्पर्य: दुसऱ्याची घडण विकायच्या आधी विचारावं, विकल्यावर नव्हे; आणि कटकट टळावी म्हणून आपला ठसा कुणाच्या हाती देऊ नये, कारण माल कुणाचाही असो, जाब ज्याचा ठसा त्यालाच द्यावा लागतो.